घोड्याला आवडतं म्हणे! रेड रमच्या नावावर खपवला जाणारा युक्तिवाद

इंग्लंडमध्ये दर एप्रिलला ग्रँड नॅशनल ही मोठी शर्यत आली की घोड्यांच्या शर्यती चालू ठेवाव्यात की बंद कराव्यात यावर जुंपते, आणि दरवेळी शर्यतीच्या बाजूने बोलणारं कुणीतरी रेड रम या सत्तरच्या दशकातल्या घोड्याचं नाव काढतंच. तीन वेळा नॅशनल जिंकला, उडी मारताना कधी पडला नाही, तीस वर्षं जगला, मग सांगा बरं त्याचे कुठे हाल झाले? त्याला आवडतच होतं की ते! आता मला स्वतःला रेड रम भयंकर आवडतो, त्याच्या जुन्या रेसा मी यूट्यूबवर लावून बसतो आणि शेवट माहीत असूनही मुठी आवळतो, तरीसुद्धा मी म्हणेन की त्याची करियर पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट बघितली तर "घोड्याला आवडतं" हा मुद्दा या वादातून कायमचा काढून टाकायला हवा. आवडीनिवडीचं राहू दे बाजूला. मला एवढंच विचारायचंय की थांब म्हणायचं कुणी, आणि जो म्हणेल त्याचं पुढे काय होतं.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्याकडे महालक्ष्मीला नाहीतर पुण्याला रेस होते ती सपाट ट्रॅकवरची, डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपते. स्टीपलचेसमध्ये वाटेत झुडपांचे जाडजूड अडथळे असतात, काहींना अलीकडे चर काहींना पलीकडे, आणि घोड्याने जॉकीला पाठीवर घेऊन ते सगळे उडून पार करायचे. ग्रँड नॅशनल ही त्यातली सगळ्यात मोठी, लिव्हरपूलजवळ एनट्रीच्या मैदानावर, ३० उड्या आणि जवळजवळ सात किलोमीटर अंतर, म्हणजे नऊ-दहा मिनिटं नुसतं पळायचं आणि उडायचं. त्यातला चेअर नावाचा अडथळा पाच फूट दोन इंच उंच आहे. बीचर्स ब्रुक म्हणून एक आहे तिथे पलीकडची जमीन अलीकडच्यापेक्षा खाली, घोडा उडी मारतो तेव्हा त्याला ते दिसत नाही, खाली पाय टेकायची वेळ येते तेव्हा कळतं की जमीन अजून लांब आहे. वर हँडिकॅप, म्हणजे घोडा जितका सरस तितकं त्याच्या पाठीवर वजन जास्त, जॉकी हलका असेल तर खोगिराबरोबर शिसं घालून वजन पुरं करायचं.

रेड रम यासाठी जन्मालाच आला नव्हता. १९६५ साली आयर्लंडमध्ये किलकेनी परगण्यात जन्मला, आईबापाकडे बघितलं तर छोट्या अंतराच्या सपाट रेसचा घोडा. ४०० गिनीला (गिनी म्हणजे पाउंडापेक्षा किंचित जास्त) विकला गेला. पहिली रेस दोन वर्षांचा असताना, एप्रिल १९६७ मध्ये, आणि गंमत म्हणजे ती एनट्रीलाच होती, पाच फर्लांगची, म्हणजे किलोमीटरभराची, त्यात तो दुसऱ्या एका घोड्याबरोबर बरोबरीत पहिला आला. पुढे लेस्टर पिगॉटसारखा दिग्गज जॉकीही एकदा त्याच्या पाठीवर बसला. मग उड्यांच्या रेसमध्ये टाकला, ट्रेनर बदलत गेले, आणि कधीतरी त्याच्या पायाचा त्रास उघडा पडला. पेडल ऑस्टायटिस म्हणतात त्याला, खुराच्या आतल्या हाडाला येणारी सूज. पळणाऱ्या घोड्याला हे झालं म्हणजे बहुतेक वेळा विषय संपला. अशा घोड्याचा बाजारात काय भाव येणार?

तर १९७२ च्या ऑगस्टमध्ये डॉनकास्टरच्या लिलावात जिंजर मॅकेन नावाच्या माणसाने त्याला ६,००० गिनीला घेतला, ऐंशी पार केलेल्या नोएल ल मेअर नावाच्या म्हाताऱ्या मालकासाठी, ज्याचं नॅशनल जिंकायचं स्वप्न होतं. मॅकेन म्हणजे कोण बडा ट्रेनर वगैरे नव्हे. साउथपोर्टला टॅक्सी चालवायचा, जुन्या गाड्या विकायचा, आणि गाड्यांच्या शोरूमच्या मागे त्याचा तबेला. मोकळं कुरण नाही, टेकडी नाही, ट्रेनिंगसाठी समोरचा समुद्रकिनारा. घोडा आणल्यावर पहिल्यांदा वाळूवर दुडक्या चालीने सोडला आणि मॅकेनच्या लक्षात आलं की हा लंगडतोय. सहा हजार गिनी आणि लंगडा घोडा! त्याने सांगितलं याला पाण्यात न्या. साउथपोर्टचे कोळी कोळंबी धरायला घोडागाडी घेऊन समुद्रात उतरायचे आणि त्यांचे खराब पायाचे घोडे खाऱ्या पाण्यात बरे होतात हे त्याने लहानपणापासून पाहिलं होतं. रेड रम गुडघाभर पाण्यात चालला आणि बाहेर आला तो सरळ पाय टाकत. पुढची सहा वर्षं त्याची तालीम त्या ओल्या वाळूवर आणि समुद्राच्या पाण्यात झाली.

मला ही गोष्ट फार प्रिय आहे पण एक विचार कायम येतो. हाच घोडा त्या दिवशी लिलावात दुसऱ्या कुणी घेतला असता, चांगल्या मोठ्या तबेल्यातल्या, कडक मैदानावर तालीम देणाऱ्या ट्रेनरने, तर दोन-तीन महिन्यांत कायमचा लंगडा झाला असता आणि आज त्याचं नाव कुणालाच माहीत नसतं. म्हणजे "रेड रमला काय झालं?" असं जे विचारतात त्यांना उत्तर असं की रेड रमला मॅकेन भेटला. बाकीच्यांना नाही भेटला. एका घोड्याच्या नशिबावरून सगळ्या धंद्याला सर्टिफिकेट देता येत नाही, लॉटरी लागलेल्या माणसाला पुढे करून तिकीट घेणाऱ्या सगळ्यांचं भलं होतं असं सांगण्यातला हा प्रकार.

आता १९७३. ही रेस ज्यांनी पाहिली नाही त्यांनी आधी पहा. ऑस्ट्रेलियाचा क्रिस्प नावाचा दणकट घोडा, पाठीवर बारा स्टोन म्हणजे साधारण ७६ किलो, आणि रेड रमवर दहा स्टोन पाच पाउंड, म्हणजे क्रिस्पपेक्षा दहा किलोहून जास्तीच कमी. सट्ट्यात दोघांचा भाव सारखाच, एकाला नऊचा. क्रिस्प सुरुवातीपासून असा सुटला की बघणाऱ्याला वाटावं हा एकटाच पळतोय, अडथळे तर जणू जमिनीवर रेघ ओढलीय असे उडत होता. शेवटच्या उडीलाही तो चांगला पंधराएक लेंग्थ, म्हणजे पंधराएक घोड्यांच्या लांबीएवढा, पुढे होता. आणि मग सरळ धावपट्टीवर त्याचे पाय संपले. घोड्याचे पाय संपतात म्हणजे काय हे त्या अर्ध्या मिनिटात जसं दिसतं तसं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही, मान खाली जाते, चाल वेडीवाकडी होते, तो डावीकडे भरकटतो, पिटमन नावाच्या त्याच्या जॉकीने एक चाबूक मारला आणि तो आणखीच वाकडा गेला, पिटमन आयुष्यभर त्यासाठी स्वतःला दोष देत आला. मागून ब्रायन फ्लेचर रेड रमला घेऊन आला आणि अगदी शेवटच्या दोन ढांगांत पाऊण लेंग्थने जिंकला. वेळ नऊ मिनिटं १.९ सेकंद, आधीच्या रेकॉर्डपेक्षा तब्बल अठरा सेकंदांनी कमी. नोव्हेंबरमध्ये डॉनकास्टरला दोघं पुन्हा समोरासमोर आले, या वेळी वजन सारखं, आणि क्रिस्प आठ लेंग्थने जिंकला, म्हणजे ज्याला हरलेला म्हणतात तोच त्या दिवशी जास्त चांगला घोडा होता हे उघड आहे.

पण ती रेस पुन्हा बघताना चेअरपाशी जरा थांबा. पहिल्या फेरीत क्रिस्पच्या मागे दुसऱ्या नंबरवर ग्रे सोम्ब्रेरो नावाचा करडा घोडा दिसतो. चेअरला तो पडतो, आणि पडदा पुढे सरकतो कारण कॅमेऱ्याला क्रिस्पच्या मागे जायचं असतं. ग्रे सोम्ब्रेरोला तिथेच संपवावं लागलं. जगातली सगळ्यात थरारक स्टीपलचेस म्हणून जिचं कौतुक होतं तिच्यात एक घोडा मेलाय हे निम्म्या कौतुक करणाऱ्यांना माहीतही नसतं. १९७७ च्या, रेड रमच्या तिसऱ्या विजयाच्या रेसमध्येही दोन घोडे गेले. रेड रमची गोष्ट सांगताना हे घोडे गोष्टीत नसतात, माझी तक्रार तिथून सुरू होते.

बरं, "आवडतं" याचा पुरावा म्हणून काय देतात? एक म्हणजे, जॉकी पडला तरी मोकळे घोडे इतरांबरोबर पळत राहतात, उड्याही मारतात. खरं आहे, पण घोडा कळपातला प्राणी आहे, कळप पळाला की तो पळणार, मागे राहिला तो लांडग्याच्या तोंडी गेला हे त्याच्या रक्तात आहे, त्याला आवड म्हणायचं की भीती हे तुम्हीच ठरवा. आणि पुरावाच हवा असेल तर मग १९६७ चा पण घ्या ना. रेड रमच्या पहिल्या रेसच्या दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर जी नॅशनल झाली त्यात पॉपहॅम डाउन नावाचा मोकळा घोडा तेविसाव्या अडथळ्यापाशी आला, म्हणजे कोर्सवरचा जवळजवळ सगळ्यात बुटका अडथळा, आणि सरळ आडवा वळला. नाही उडायचं मला, असं इतकं स्वच्छ त्याने सांगितलं की त्याच्या मागचे सगळे एकमेकांवर आदळले आणि सगळ्यात मागून रमतगमत येणारा शंभरच्या भावाचा फॉयनेव्हन बाजूने वाट काढून रेस जिंकला. त्या अडथळ्याला आज फॉयनेव्हनचं नाव आहे. नकार देणाऱ्या घोड्याचं नाव कुणी कशाला देईल!

दुसरा पुरावा जास्त वजनदार आहे असं म्हणतात तो म्हणजे घोड्याची जिद्द. आर्कलचं उदाहरण देतात. आर्कल म्हणजे आयर्लंडचा देवच, १९६४, ६५, ६६ अशा सलग तीन चेल्टनहॅम गोल्ड कप जिंकला, ३५ रेसपैकी २७ जिंकल्या, इतका वरचढ की त्याच्यामुळे आयर्लंडच्या हँडिकॅपवाल्यांना दोन वेगळ्या याद्या कराव्या लागल्या, एक तो पळणार असेल तेव्हाची आणि एक तो नसेल तेव्हाची. डिसेंबर १९६६ ला केम्प्टनच्या मैदानावर त्याच्या खुरातलं हाड मोडलं, रेस चालू असताना, आणि तरी तो पुढचे सगळे अडथळे उडून दुसरा आला, अगदी थोडक्यात हरला. त्यानंतर तो कधी पळाला नाही, १९७० मध्ये तेराव्या वर्षी त्याला शेवटचं इंजेक्शन द्यावं लागलं. लोक याला जिद्द म्हणतात आणि डोळे पुसतात. मला यातून एवढंच दिसतं की हाड मोडलं तरी घोडा थांबत नाही. मग तो थांबला नाही यावरून त्याला बरं वाटत होतं, आवडत होतं, झेपत होतं, यातलं काहीच सिद्ध होत नाही. त्याच्या अंगात थांबायचं बटणच नाही. ते दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असायला हवं.

कुणाच्या? इथे ब्रायन फ्लेचरची गोष्ट येते, जी रेड रमच्या कौतुकाच्या लेखांत एका ओळीत उरकतात.

१९७३ आणि १९७४ दोन्ही नॅशनल फ्लेचरने जिंकून दिल्या. ७४ ला तर रेड रमच्या पाठीवर बारा स्टोन होते, तरी सात लेंग्थने जिंकला आणि काही आठवड्यांत जाऊन स्कॉटिश ग्रँड नॅशनलही जिंकून आला, एकाच सीझनमध्ये दोन्ही जिंकणारा तो एकटाच. १९७५ ला दुसरा. त्यानंतर एका छोट्या रेसमध्ये हरल्यावर फ्लेचरने पेपरवाल्यांना सांगितलं की घोडा आता पहिल्यासारखा वाटत नाही. झालं. मॅकेन भडकला आणि फ्लेचरला पुन्हा त्या घोड्यावर बसायला मिळालं नाही. १९७६ ला टॉमी स्टॅक बसला आणि दुसरा आला.

आता नीट बघा. रेसच्या वेळी घोड्याला काय होतंय हे अंगाने कळणारा माणूस जगात एकच असतो, जो त्याच्या पाठीवर बसलेला असतो तो. श्वास कसा चाललाय, उडीआधी ढांग तोकडी पडतेय का, एका बाजूला झुकतोय का, हे ना मालकाला दुर्बिणीतून दिसतं ना ट्रेनरला. आणि त्या एका माणसाने तोंड उघडलं तर त्याचं काम गेलं. उद्या दुसऱ्या जॉकीला वाटलं की घोडा थकलाय तर तो काय करेल? गप्प बसेल. त्याला पण घर आहे.

यावर हमखास उत्तर येतं की फ्लेचर चुकला होता ना, १९७७ ला रेड रम बारा वर्षांचा असताना २५ लेंग्थने जिंकला! हो जिंकला, आणि काय जिंकला, स्टॅकला शेवटी काही करायचंच नव्हतं, लोक ट्रॅकवर धावत आलेले, कॉमेंटेटर पीटर ओसलिव्हनचा आवाज चढत गेलेला. माझ्या अंगावर आजही काटा येतो. पण फ्लेचरचं मत चूक ठरलं म्हणून मत देणाऱ्याला हाकलायची पद्धत बरोबर ठरते का? डॉक्टरने छातीत दुखतंय तर तपासून घ्या म्हटलं आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून कुणी डॉक्टर बदलत नाही. आणि मालकाचं नाव, ट्रेनरची इज्जत, लोकांचे पैसे, टीव्हीचा तासभराचा कार्यक्रम असं सगळं ज्या घोड्यावर लागलंय त्याच्याबद्दल थांबवा म्हणायला कोण धजावणार हा प्रश्न १९७७ च्या विजयाने सुटत नाही, उलट आणखी अवघड होतो, कारण पुढच्या प्रत्येक म्हाताऱ्या घोड्याच्या मालकाला रेड रम दाखवता येतो.

रेड रमला शेवटी थांबवलं कुणी? माणसाने नाही. १९७८ ला तेराव्या वर्षी तो पुन्हा नॅशनलला उतरणार होता, वजन वगैरे ठरलेलं, आणि रेसच्या आदल्या दिवशी पायाच्या हाडाला केसाएवढी चीर असल्याचं निघालं. तिथे रिटायर. चीर एक दिवस उशिरा आली असती, किंवा आली असून दिसली नसती, तर चेअरला किंवा बीचर्सला काय झालं असतं याचा विचार मॅकेनने केला असेलच, माणूस घोड्यावर जीव टाकणारा होता, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. जीव लावणं आणि वेळेवर थांबवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढंच.

थांब म्हणणारी एक मालकीण होती, तिचंही सांगतो. आर्कलची मालकीण, वेस्टमिन्स्टरची डचेस ॲन. तिने आर्कलला नॅशनलमध्ये उतरवायला ठाम नकार दिला, लोकांनी कितीही म्हटलं तरी. एवढ्या लाडक्या घोड्याला त्या गर्दीत आणि त्या उड्यांवर घालायचं नाही म्हणजे नाही. किती शहाणी बाई, असं मलाही वाटलं होतं. नंतर वाचलं की १९६७ चा तो फॉयनेव्हन, शंभरच्या भावाचा, तोही एके काळी तिचाच घोडा, आर्कलच्याच तबेल्यातला. जमला नाही म्हणून विकला, आणि मग नॅशनलला पोचला. म्हणजे ज्या घोड्याची किंमत आहे त्याच्यासाठी नॅशनल धोक्याची, ज्याची नाही त्याने खुशाल पळावं. मालकाच्या मायेवर सोडलं की हे असं होतं. माया खरी असते, पण ती सगळ्यांना सारखी वाटली जात नाही.

इंग्लंडवाल्यांनी काहीच केलं नाही असंही नाही. १९८९ ला बीचर्सला दोन घोडे मेल्यावर तिथला चर बराच बुजवला. २०११ ला दोन, २०१२ ला पुन्हा दोन गेले, त्यात एक त्याच वर्षीचा गोल्ड कप विजेता सिंक्रोनाइज्ड, तेव्हा अडथळ्यांच्या पोटातले लाकडी ओंडके काढून लवचिक प्लॅस्टिक घातलं. २०२३ ला पहिल्याच अडथळ्यावर हिल सिक्स्टीन मेला, त्याआधी प्राणिमित्र आंदोलक ट्रॅकवर घुसले म्हणून रेस उशिरा सुटलेली, शंभरावर लोकांना अटक. त्यानंतर २०२४ पासून घोडे ४० वरून ३४ वर आणले, पहिला अडथळा सुरुवातीच्या जवळ आणला म्हणजे घोडे फार वेग घेऊन त्यावर जाणार नाहीत, आणि त्या वर्षी एकही घोडा पडला नाही. म्हणजे बघा, करता येतं! जे लोक वर्षानुवर्षं "नॅशनलचा आत्मा जाईल" म्हणून ओरडत होते, मॅकेनही त्यात होताच, त्यांच्या विरोधात जाऊन बदल केले तर घोडे वाचतात आणि रेस बघायला गर्दीही येते.

पण हे सगळे बदल लाकडाचे, मातीचे आणि आकड्यांचे आहेत. थांब म्हणण्याच्या अधिकाराचा बदल झालेला नाही, आणि ते २०२५ ला दिसलं. सेलेब्र दालें नावाचा घोडा, वय तेरा. काही वेळ पुढे होता, मग एकदम संपला, शेवटच्या अडथळ्याआधी जॉकीने त्याला थांबवला, आणि तो ट्रॅकवरच कोसळला. काही दिवसांनी गेला. नंतर तपासणीत श्वसनाचा जोरदार संसर्ग निघाला. जॉकीवर दहा दिवसांची बंदी, कारण घोड्यात काही उरलेलं नाही हे दिसत असताना तो पुढे नेत राहिला. ठीक आहे, नियमाप्रमाणे असेल. पण तेरा वर्षांच्या घोड्याला सात किलोमीटर आणि तीस उड्यांना उतरवायचा निर्णय काही जॉकीने घेतला नव्हता. जो लवकर थांबवतो त्याच्यावर मालक नाराज, जो उशिरा थांबवतो त्याच्यावर बंदी, आणि ज्यांनी उतरवला ते सुतकात. सगळी जबाबदारी सरकत सरकत पाठीवरच्या पगारी माणसावर येऊन थांबते.

मग बंद करायच्या का? मी बंदीवाला नाही, सरळ सांगतो. बंदी घालून टाळ्या घेणं सोपं असतं, त्यानंतर त्या जनावरांचं काय हे विचारायला कुणी उरत नाही. मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या २०१५ ला हायकोर्टाने बेकायदा ठरवल्या, योग्यच होतं, डांबरावर दिवसभर उभे असणारे ते घोडे बघवत नव्हते, पण त्यानंतर त्या घोड्यांचं आणि त्यांना चालवणाऱ्यांचं पुढे काय झालं याची चर्चा आपल्यात किती झाली सांगा. घोडा रिटायर झाला की त्याच्यावर कुणाचा हक्क आणि कुणाची जबाबदारी यावर शर्यतीचा धंदा सगळीकडेच बोलायचं टाळतो. रेड रमचं चांगलं झालं, तो दुकानांची उद्घाटनं करत फिरला, ब्लॅकपूलची रोषणाई सुरू करायला गेला, बीबीसीच्या स्टुडिओत उभा राहिला आणि दुसरीकडून टॉमी स्टॅकचा आवाज आल्याबरोबर कान टवकारले, सगळा देश विरघळला. तो स्वतःचा चारा स्वतः कमावत होता. १९९५ ला गेला तेव्हा एनट्रीच्या विनिंग पोस्टजवळ पुरला त्याला.

पण कौटो स्टारसारख्या घोड्याचंही, ज्याने किंग जॉर्ज ही मोठी रेस पाच वेळा आणि गोल्ड कप दोन वेळा जिंकला, रिटायरमेंटनंतर कुठे राहायचं यावरून मालक आणि ट्रेनर जाहीर भांडले, आणि ड्रेसाज, म्हणजे डौलदार ठरावीक चाली, शिकवायला दुसरीकडे नेलेला तो घोडा २०१५ ला कुरणात पडून जखमी होऊन गेला. त्यात कुणाचा दोष होता असं मी म्हणत नाही, पण एवढ्या मोठ्या घोड्याबद्दल लिखित काहीच ठरलेलं नसावं? आणि जे मोठे नाहीत त्यांच्याबद्दल २०२१ ला बीबीसीच्या एका तपासात बाहेर आलं की २०१९ पासून ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये सुमारे ४,००० शर्यतीचे घोडे कत्तलखान्यात गेले. बोंब झाल्यावर २०२२ पासून नियम आला की ब्रिटनमध्ये पळणाऱ्या प्रत्येक घोड्याची नोंद माणसाच्या खाण्यासाठी नाही अशीच हवी. बोंब होईपर्यंत नव्हता.

मला हवंय ते फार क्रांतिकारक नाही. घोडा पळायला फिट आहे की नाही हे सांगणारा डॉक्टर मालकाच्या किंवा ट्रेनरच्या पैशावर नसावा, आणि नॅशनलसारख्या रेससाठी बारा वर्षांवरच्या घोड्याला सरळ बंदी असावी, रेड रमची कितीही आठवण येवो. जॉकीने घोड्याबद्दल शंका व्यक्त केली तर ती नोंद रेस चालवणाऱ्या संस्थेकडे जावी, ट्रेनरकडे नाही, म्हणजे पुढचा फ्लेचर घरी बसणार नाही. आणि बक्षिसातून व सट्ट्याच्या पैशातून प्रत्येक घोड्याच्या नावाने काहीतरी बाजूला पडावं, जिंकणाऱ्याच्याच नाही, जो चौतीसच्या गर्दीत शेवटून तिसरा आला त्याच्याही. सट्टेवाल्यांना यातून नुकसान होईल म्हणतात. होऊ दे थोडं.

आणि हे सगळं वाचून कुणी म्हणेल की इंग्लंडच्या घोड्यांचं आपल्याला काय पडलंय, तर बैलगाडा शर्यतीचा वाद आठवा. २०१४ ला सुप्रीम कोर्टाने बंदी घातली, २०१७ ला आपल्या सरकारने कायदा केला, डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली आणि मे २०२३ ला घटनापीठाने कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. त्या सगळ्या काळात दोन्हीकडून काय बोललं गेलं? एका बाजूने, बैल हा घोड्यासारखा पळण्यासाठी बनलेला प्राणी नाही. दुसऱ्या बाजूने, आम्ही त्याला पोटच्या पोरासारखा सांभाळतो, खुराक घालतो, त्यालाही घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, उतरायची ओढ असते. पहिल्या बाजूला मी ग्रे सोम्ब्रेरो दाखवेन, पळण्यासाठी बनलेल्या जनावराचंही काय होतं ते. दुसऱ्या बाजूबद्दल मला अजिबात संशय नाही, खेड-मंचरकडचे गाडामालक बैलासाठी स्वतःच्या तोंडचं काढतात हे खरंच आहे, मॅकेनही तेच करत होता.

पण आपल्या नियमात चाबूक नाही, जिल्हाधिकाऱ्याची परवानगी हवी, पशुवैद्यकाचा दाखला हवा, असं सगळं छान लिहिलंय. आता समजा यात्रेच्या दिवशी, पन्नास हजारांची गर्दी, स्टेजवर आमदारसाहेब बसलेले, लाखांचं बक्षीस, घाटात गाड्यांची रांग लागलेली, आणि तालुक्याचा तो पशुवैद्यक एका नावाजलेल्या बैलाच्या पुढच्या पायाला हात लावून म्हणतो की हा आज पळणार नाही. त्याला पोलीस बंदोबस्त आहे का? दुसऱ्या दिवशी त्याची बदली होणार नाही याची लेखी हमी कुणी दिलीय का? असेल तर दाखवा, मी गप्प बसतो.